बांधकामातील अध्यापक–व्यावसायिक सहकार्य, हैदराबाद

अभियांत्रिकीचे शिक्षक व संशोधक आणि साइटवरचे अभियंते, कंत्राटदार व कारागीर यांनी मिळून बांधकामाचा दर्जा सुधारण्याचे हैदराबादेतील प्रयत्न. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात हजारो माणसे गेली. त्यानंतर निजाम सरकारने मो. विश्वेश्वरय्या यांना बोलावले. ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात मुरलेले अभियंते होते. उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे जलाशय त्यांच्या पूरनियंत्रण योजनेतून उभे राहिले. उस्मानिया विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९२९ चे.

मराठी वाचकाला या शहराचे नाते किल्लारीमुळे अधिक जवळचे वाटेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या तिथल्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे भूकंपमापके बसवून अभ्यास केला. गावांत कोसळलेल्या जाड दगडी भिंती म्हणजे प्रत्यक्षात दोन सुट्या भिंती होत्या. मध्ये दगडगोट्यांची भर, जोडायला माती आणि वर माळवदाचे ओझे. भिंतीच्या आरपार जाणारा जोडदगड जागोजागी घातला असता, तर दोन्ही अंगे एकमेकांना धरून राहिली असती. हे पुस्तकांत होते; गवंड्यापर्यंत ते पोहोचले नव्हते.

हैदराबादेतील तीन संस्था हे अंतर निरनिराळ्या टोकांकडून कमी करू पाहतात. इंजिनिअरिंग स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया (१९८१) नोकरीतल्या अभियंत्यांना पुन्हा वर्गात बसवते. बांधकाम कंपन्यांच्याच पुढाकाराने १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुण्यात बालेवाडीला असलेल्या निकमार या संस्थेचे एक केंद्र शामीरपेट भागात आहे. भर बांधकाम व्यवस्थापनावर. राज्य शासन व कंत्राटदार यांच्या भागीदारीतून १९९८ मध्ये उभी राहिलेली नॅशनल अकॅडमी ऑफ कन्स्ट्रक्शन (नॅक) यांत सर्वांत महत्त्वाची म्हणावी लागेल, कारण तेथे अभियंत्यांबरोबर गवंडी, सळईकाम करणारे, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनही शिकतात. भूकंपाच्या विषयावर ट्रिपल आयटी हैदराबादचे भूकंप अभियांत्रिकी संशोधन केंद्र काम करते.

अशा सहकार्याची खरी कसोटी कॉलममधल्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगेवर लागते. आयएस १३९२० या मानकानुसार भूकंपरोधक कॉलमच्या रिंगेची टोके १३५ अंशांत आत वळवायची असतात; वळणापुढची लांबी रिंगेच्या सळईच्या व्यासाच्या सहापट, पण ६५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट गळून पडले, तरी आत रुतलेले टोक सुटत नाही. ९० अंशांचे टोक उघडते, रिंग सैल होते आणि उभ्या सळया वाकून बाहेर येतात. साइटवर मात्र ९० अंशांचेच वळण सर्रास दिसते. अज्ञान हे त्याचे एकच कारण नाही. सळईचे काम बहुधा टनावर दिले जाते. १३५ अंशांची रिंग वळवायला आणि सांगाड्यात बसवायला वेळ जातो, त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. ही अडचण प्रयोगशाळेत दिसत नाही, ती सळई वळवणारा फिटरच सांगू शकतो. दर ठरवतानाच त्या जादा मेहनतीचा हिशेब धरला, तर मानक पाळणे त्याला परवडेल.

दुसरी अडचण भाषेची. धरणे बांधायला देशभर गेलेले पालमूरचे (महबूबनगर) मजूर ही तेलंगणाची जुनी ओळख. आज हैदराबादच्या साइटवर बिहार, ओडिशा, झारखंडचे कामगार मोठ्या संख्येने आहेत. मानके इंग्रजीत, मुकादम तेलुगूत बोलणारा आणि सळई वळवणारा ओडियात. त्यामुळे तासाभराच्या व्याख्यानापेक्षा बरोबर वळवलेली एक रिंग नमुना म्हणून बेंचशेजारी टांगून ठेवणे अधिक उपयोगी पडते.