कात्रजचे पाणी आणि पर्वतीच्या पायऱ्या

पुणे पाहायला येणाऱ्या माणसाला जे पुणे दाखवले जाते ते देवळांचे पुणे असते. कसब्याचा गणपती, ओंकारेश्वर, पाताळेश्वर, तळ्यातला गणपती आणि शेवटी पर्वती. शाळांच्या सहलींचा क्रमही हाच. वाटाड्या प्रत्येक देवळापुढे उभा राहून ‘प्राचीन’ हा शब्द उच्चारतो आणि मुले तो वहीत उतरवून घेतात. मी कात्रजला राहतो, शाळेत इतिहास शिकवतो. ही यादी हातात घेऊन मुलांबरोबर अनेकदा हिंडलो आहे. या यादीत खऱ्या अर्थाने प्राचीन म्हणावे असे स्थळ एकच. ते म्हणजे पाताळेश्वराचे लेणे. राष्ट्रकूटांच्या काळातले, साधारण आठव्या शतकातले, आणि तेही अर्धवट सोडलेले. बाकीची शिवकाळातली नाहीतर पेशवाईतली. पर्वतीचे देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्याने १७४९ मध्ये उभारले. म्हणजे मोगल सत्ता मोडकळीस आली होती आणि इंग्रज दाराशी येऊन ठेपला होता, तेव्हाचे.

हा सनावळीचा हिशेब मी उगाच करीत नाही. १९२९ मध्ये पुण्यातील अस्पृश्य पर्वतीच्या पायऱ्यांवर उभे राहिले तेव्हा त्यांच्यासमोर जी रूढी उभी करण्यात आली ती ‘सनातन’ म्हणून. देऊळ होते अवघे १८० वर्षांचे. सनातनाचे वय विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. विचारले तर पुष्कळ गोष्टींची पंचाईत होईल.

पण पर्वतीकडे वळण्यापूर्वी मला कात्रजविषयी बोलायचे आहे. कारण पर्वतीचा आणि पेशव्यांच्या पुण्याचा इतिहास कात्रजच्या तळ्यापासून सुरू होतो असे माझे मत आहे.

ज्या नानासाहेबाने पर्वती बांधली त्यानेच त्याच सुमारास कात्रजच्या डोंगराखाली ओढ्याला बांध घालून तळी बांधवली. पावसाचे पाणी आधी वरच्या तळ्यात यायचे. गाळ खाली बसला की निवळ पाणी खालच्या तळ्यात, आणि तेथून दगड-चुन्याच्या बंदिस्त नळातून शहराकडे. नळ म्हणजे आजच्यासारखी नळी नव्हे. माणूस आत उभा राहून चालू शकेल असा जमिनीखालचा बोगदाच तो. ना मोट, ना रहाट. नुसत्या उतारावर पाणी कोसांचे अंतर तोडून शनिवारवाड्यातल्या कारंज्यांपर्यंत जायचे. वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवलेले. त्यांतून हवा खेळायची आणि साफसफाईसाठी माणूस आत उतरायचा. १७५७ च्या सुमारास हे काम पुरे झाले. स्थापत्य म्हणून हे काम मोठे आहे, आणि ते मोठे आहे असे म्हणायला आपण कचरू नये. ज्यांच्या हातांनी खणले, ज्यांनी दगड फोडले, चुना मळला, त्यांचेही ते मोठेपण आहे. त्यांची नावे कोणी कोरून ठेवली नाहीत एवढेच.

नळाचे पाणी शहरातल्या हौदांत पडे. हे हौद सार्वजनिक होते असे पुस्तकांत लिहिलेले असते. सार्वजनिक! या एका शब्दापाशी मी मुलांना थांबवतो. सर्व जन म्हणजे कोण? पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून फिरावे लागे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या भाषणात जगापुढे मांडले. ज्याची थुंकीसुद्धा या शहराच्या मातीला चालत नव्हती, त्याचे मडके हौदात बुडू दिले गेले असेल काय? यासाठी दप्तरे धुंडाळत बसण्याचे कारण नाही. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि शहरात केवढा गहजब झाला! हौद आधीच सर्वांचे असते तर जोतीरावांच्या अंगणातला एक हौद ही क्रांती ठरली नसती. कात्रजचे पाणी पुण्यात येऊन १११ वर्षे लोटली होती. पेशवाई जाऊनही ५० वर्षे झाली होती. पुढे १८८० मध्ये डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या मुलीच्या स्मरणार्थ बुधवारात हौद बांधला आणि तो सर्व जातींना खुला ठेवला. पुणेकर त्याला बाहुलीचा हौद म्हणतात. बाहुलीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. हौद खुला होता ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते.

जोतीरावांचे कात्रजशी आणखी एक नाते आहे. ते कंत्राटदार होते आणि कात्रज घाटातल्या बोगद्याच्या कामात त्यांचा भाग होता. ज्या डोंगराने पेशव्यांना पाणी दिले तोच डोंगर फोडताना मजुराचे जिणे काय असते हे त्या माणसाने जवळून पाहिले. त्यांच्या लेखनात इंजिनियर खात्यातली लबाडी आणि मजुरांची नागवणूक इतकी नेमकी येते, त्याचे एक कारण हेही असावे.

आणि याच जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता. मातंग समाजातली, १४ वर्षांची. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’त तिचा निबंध दोन भागांत छापून आला. त्यात तिने लिहिले की पेशवाईत मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायांत पुरत असत. तालीमखान्यासमोरून कोणी गेला तर गुलटेकडीच्या मैदानावर त्याच्या डोक्याचा चेंडू करून खेळत असत. काही अभ्यासक विचारतात, याला कागदाचा आधार काय? मी उलट विचारतो, कागद कोणाच्या हाती होता? मुक्ताने लिहिले तेव्हा पेशवाई बुडून फक्त ३७ वर्षे झाली होती. तिच्या आजोबा-पणजोबांनी ते राज्य अंगावर सोसले होते. घरात रात्री जे सांगितले जात होते ते तिने दिवसाउजेडी लिहून काढले. शनिवारवाड्याची आणि पर्वतीची चिरेबंदी पाहताना तिचा निबंध जवळ असला पाहिजे. मार्गदर्शक पुस्तिकेपेक्षा तो अधिक उपयोगी पडतो.

आता पर्वती. टेकडीच्या पायथ्याशी रमणा होता. श्रावणात तेथे हजारो ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. ही दक्षिणा कोणाच्या घामातून येत होती हे शेतकऱ्याला आणि गावच्या महाराला विचारायला हवे होते. इंग्रजी अमलात दक्षिणेचे रूप पालटले आणि तिचा काही पैसा मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याकडे वळवावा असा अर्ज १८४९ मध्ये सुधारकांनी केला. तेव्हा सनातन्यांच्या दंगलीच्या भीतीने अर्जदारांचे पाय लटपटू लागले. त्यांच्या पाठीशी २०० माणसे घेऊन उभा राहिला तो जोतीरावच. पुस्तकाचा प्रश्नही या शहरात मनगटाच्या आधाराने सोडवावा लागला!

१३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीचा सत्याग्रह सुरू झाला. महाडला चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जे घडले त्याचा हा पुढचा पल्ला, आणि नाशिकचा काळाराम सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू व्हायचा होता. या दोहोंच्या मध्ये पर्वती येते आणि म्हणूनच की काय, ती विसरली जाते. पुढारी होते शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखी सवर्ण तरुण मंडळीही बरोबर होती. ती नोंद करायलाच हवी. देवळाची दारे बंद झाली. सत्याग्रहींवर दगड आले, राजभोज जखमी झाले. ज्या १०३ पायऱ्या आज लोक व्यायामासाठी सकाळी चढतात त्या पायऱ्यांवर हे घडले आहे. बाबासाहेबांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि हल्ल्याचा निषेध केला.

शिवराम जानबा कांबळ्यांविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण आपल्याच चळवळीत त्यांची आठवण पातळ झाली आहे. बाबासाहेब शाळकरी होते तेव्हा हा माणूस पुण्यात काम करीत होता. १९०२ मध्ये सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा त्यांनी भरवली. लष्कराची आणि पोलिसाची दारे पुन्हा उघडा, मुलांना शिक्षण द्या, असा अर्ज सरकारकडे धाडला. १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले. मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध त्यांनी रान उठवले. १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभापाशी बाबासाहेबांचे भाषण झाले त्यामागेही कांबळ्यांची खटपट होती. पर्वतीवर ते आले तेव्हा पन्नाशी उलटलेली होती. अर्ज करून करून दमलेला माणूस शेवटी पायऱ्या चढतो, त्याचा अर्थ तरुण कार्यकर्त्यांनी समजून घ्यावा.

देवळात शिरून मिळवायचे काय, हा प्रश्न तेव्हाही होता. बाबासाहेबांची भूमिका याबाबत स्वच्छ होती: मूर्तीच्या दर्शनाची ओढ नव्हती, माणूस म्हणून समान हक्काची कसोटी होती. ती कसोटी सवर्ण समाज उतरला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. पर्वतीच्या सत्याग्रहाला त्या दिवशी बरोबर सहा वर्षे झाली होती. तारखांचा हा मेळ योगायोग असेल, घटनांचा नाही. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ मध्ये झाला, अस्पृश्यता १९५० च्या संविधानाने रद्द केली. आज पर्वतीवर कोणी कोणाला जात विचारत नाही. आमचे विद्यार्थी वर जातात, गार वाऱ्यात डबे खातात, पेशव्यांचे संग्रहालय पाहतात. वाटाड्या त्यांना पानिपतानंतर नानासाहेबाने येथे १७६१ मध्ये प्राण सोडला हे हळव्या आवाजात सांगतो. राजभोजांना दगड कोठे लागला हे त्याच्या तोंडून मी आजवर ऐकलेले नाही.

वरून खाली पाहिले की उतारावर जनता वसाहत दिसते आणि पायथ्याच्या बाजूला दांडेकर पुलाची वस्ती. या वस्त्यांत कोण राहते हे वेगळे सांगायला नको. कात्रजच्या डोंगरातून निघालेला आंबिल ओढा याच बाजूने मुठेकडे जातो. पेशव्यांनी शहराच्या सोयीसाठी या ओढ्याचा प्रवाह वळवला, त्याच्या पाण्यावर पर्वतीखाली तळे केले, तळ्यात गणपती बसवला. पुढे तळे आटवून सारसबाग झाली. चांगले पाणी नळात, राहिलेला ओढा उघड्यावर. आणि ओढ्याच्या काठी ती माणसे, ज्यांना शहराला झाडायला, बांधायला, धुवायला ठेवून घ्यायचे आहे पण जागा द्यायची नाही.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि जनता वसाहत व दांडेकर पुलाच्या घरांत पाणी शिरले. पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला ढग कोसळले. आंबिल ओढा फुगला, अरण्येश्वराजवळ टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसे दगावली. शहर-जिल्ह्यात मिळून २० हून अधिक बळी गेले. जून २०२१ मध्ये याच ओढ्याच्या काठची घरे, भर पावसाळ्याच्या तोंडावर, पाडायला यंत्रे आली. ओढ्याचे पात्र मोकळे करायचे होते म्हणे. वरच्या अंगाला पात्रात किती इमले उभे आहेत हे कात्रजहून खाली चालत येणाऱ्या कोणालाही दिसते.

म्हणून हल्ली मी सहलीचा क्रम बदलला आहे. आधी कात्रजचे तळे. मग नळाचा जो उच्छ्वास नजरेस पडेल तो. मग गंज पेठेतला जोतीरावांचा वाडा आणि तेथला हौद. दांडेकर पुलावरून ओढा पाहायचा, आणि त्यानंतर पर्वती. मुले दमतात, पण प्रश्न विचारतात. मागल्या खेपेला एका मुलीने विचारले, “सर, सत्याग्रहाला आलेल्या बाकीच्या लोकांची नावे काय?” पुढाऱ्यांची नावे मी सांगितली होती; तिला पायऱ्यांवर बसलेल्यांची हवी होती. पुण्याचा कँप, मंगळवार पेठ, खडकी, येरवडा येथल्या जुन्या घरांतून ती अजून निघू शकतील. एखादा फोटो, एखादी पावती, आजीच्या तोंडची एखादी आठवण. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात असे काही असेल त्यांनी ते लिहून काढावे. तेव्हाचे माणूस आता राहिलेले नाही, त्यांची नातवंडेही म्हातारी झाली आहेत.