पडवीतील गोधन : पेण-रोहा भागातील ज्ञातीच्या इतिहासाचे एक पान

ज्ञातीचा इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे जमिनी, लढे आणि कर्त्या पुरुषांची नावे एवढीच सामग्री आपण गोळा करीत आलो आहोत. परंतु पेणचा खारेपाट असो वा रोह्याकडील कुंडलिकेचे खोरे असो, ज्या बैलांच्या व रेड्यांच्या बळावर आपल्या पूर्वजांनी भातशेती केली, ते बळ प्रथम घराच्या पडवीत वाढले. त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

या भागात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत कोसळतो. मोठी गुरे घराला लागून असलेल्या गोठ्यात राहत. पण नुकते जन्मलेले वासरू किंवा पारडू ओल, वारा आणि मोठ्या जनावरांचे पाय यांपासून जपावे लागे. म्हणून त्यास पडवीत, माजघराच्या भिंतीलगत, कोरड्या पेंढ्यावर बांधीत. करडे रात्री डालग्याखाली झाकून ठेवीत. खारेपाटात आणखी एक संकट असे. उधाणाने बांधास खांड पडली की खारे पाणी शिवारात शिरे. मग गवत आणि गोडे पाणी दोन्ही दुर्मीळ होत. तळ्यावरून डोक्यावर आणलेल्या हंड्यातील वाटा तेव्हा वासरासही द्यावा लागे.

हे सारे केवळ भूतदयेपोटी होत नसे. चिखलणीस स्वतःची जोडी नसेल त्या कुळास ती भाड्याने आणावी लागे, आणि भाडे खळ्यावरच्या भातातून फेडावे लागे. कूळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. परंतु नुसत्या नावाने जमीन नांगरली जात नाही. ज्या घरचा पाडा पहिला पावसाळा तरून गेला, त्या घरास तीनचार वर्षांत जुवाखाली घालण्यास हक्काचे जनावर मिळे. ज्याचा दगावला, ते घर पुन्हा दुसऱ्याच्या दारी जाई.

हा पाडा जगविला कोणी? घरातील स्त्रियांनी. व्यालेल्या गाईजवळ रात्र जागणे, आई मेलेल्या वासरास बोटावर दूध चाटवून पिण्यास शिकविणे, पेंढा बदलणे, डास पळविण्यास धुरी करणे, ही कामे त्यांचीच. सातबारावर जमीनधारकाचे नाव येते आणि पिकाची नोंद होते. १९१९ पासून होत आलेल्या पशुगणनेत जनावरे मोजली जातात. त्यांना वाढविणाऱ्या हातांसाठी मात्र या कागदांत दीर्घकाळ रकाना नव्हता.

जुने ते सर्वच चांगले, असे आमचे म्हणणे नाही. वार पडेपर्यंत वासरास पाजू नये, अशी समजूत कित्येक घरांत होती. वासरू रोगप्रतिकारशक्ती घेऊन जन्मत नाही. ती त्यास पहिल्या काही तासांतील चिकातूनच लाभते, आणि एक दिवस उलटल्यावर ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जवळजवळ संपते, हे आता सिद्ध झाले आहे. उशिरा पाजल्यामुळे अशक्त वासरे हकनाक दगावत. मूत्राची ओल आणि कोंडलेला धूर माणसासही बाधक, आणि लेप्टोस्पायरोसिससारखे रोग जनावरांकडून माणसांकडे येतात. म्हणून निराळा, हवेशीर गोठाच उत्तम. पुन्हा पडवीत गुरे बांधा, असा उपदेश आम्ही करीत नाही.

आज चिखलणी बहुधा पॉवर टिलरने होते, आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी तरुणांनी निराळी वाट धरली आहे. २०१८ साली 'कोकण कपिला' या आपल्याकडील लहान चणीच्या गाईस स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली. गाईची नोंद झाली ही आनंदाची गोष्ट होय; आता तिला जपणाऱ्या बायांची नोंद करणे आपल्या हाती आहे. तेव्हा समस्त ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती आहे की, आपल्या घरातील आजीबाईंजवळ बसावे, जनावरांची नावे, औषधपाण्याच्या रीती आणि जगविलेल्या पाड्यांच्या हकिकती त्यांच्या तोंडून उतरवून घ्याव्यात, आणि पुढील स्मरणिकेसाठी पाठवाव्यात. वर त्या सांगणाऱ्या आजीबाईंचे पूर्ण नाव लिहावयास विसरू नये.