दिवाळी अंकांची चित्रे आणि आपण

शाळेचा इतिहास लिहिताना इमारती, निकाल, मुख्याध्यापक आणि देणगीदार यांची नोंद आपण आवर्जून करतो. त्या काळातील मुलांनी कोणती चित्रे पाहिली, याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने ग्रंथालयाची मांडणी नव्याने सुरू असताना ही उणीव मला विशेष जाणवली. रायपूरच्या मराठी मुलांच्या मनात महाराष्ट्राची जी प्रतिमा उमटली, ती पुष्कळ अंशी मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या चित्रकारांनी घडवली आहे.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि २००० साली छत्तीसगडची राजधानी झाले. पुनर्रचनेनंतर येथील मराठी भाषा घर, मंडळ आणि शाळा एवढ्याच परिघात राहिली. बाजारात हिंदी आणि छत्तीसगढी, घरात मराठी, अशी आपली दिनचर्या झाली. अशा घरात मुंबई-पुण्याहून रेल्वेने येणारा दिवाळी अंक म्हणजे माहेरचे टपालच होते. तो वाचता येण्याआधी मुले पाहत असत.

दिवाळी अंकाची परंपरा काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली सुरू केली. परंतु या अंकांना जो रंगीत चेहरा आपण ओळखतो, तो स्वातंत्र्याच्या आगेमागे मिळाला, आणि त्याचे मोठे श्रेय गोमंतकात जन्मलेल्या दोन चित्रकारांना जाते. दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला. कुंचल्याचा मोकळा फटकारा, मोजक्या रंगांत साधलेला उठाव आणि कथेच्या आशयाशी इमान राखणारे रेखाटन ही त्यांची वैशिष्ट्ये. रघुवीर मुळगावकर यांची वाट वेगळी होती. रंगाच्या फवाऱ्याने ते चेहऱ्यावर अशी मऊ छटा आणत, की कुंचल्याचा माग दिसू नये. देवादिकांच्या दिनदर्शिकांपासून बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांपर्यंत त्यांची चित्रे घरोघरी पोहोचली. दलाल १९७१ साली आणि मुळगावकर १९७६ साली निवर्तले. त्यांच्याबरोबर एक पर्वच संपले.

या चित्रांचे रूप असेच का, हे समजून घ्यायचे तर त्या काळच्या छपाईकडे पाहावे लागते. खिळ्यांच्या छपाईत चित्रासाठी धातूचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करावा लागे. नुसत्या रेषांचा ब्लॉक स्वस्त पडे. छायाप्रकाश दाखवायचा असेल तर जाळीतून छायाचित्र घेऊन ते बारीक ठिपक्यांत फोडावे लागे. प्रत्येक रंगाला स्वतंत्र ब्लॉक लागे आणि तोच कागद यंत्रातून पुन्हा पुन्हा काढावा लागे. म्हणून सगळी श्रीमंती मुखपृष्ठावर खर्च होई आणि आतली पाने एका किंवा दोन रंगांत भागवावी लागत. दोन रंगांत संध्याकाळ दाखवायची, पाच रेषांत म्हातारी उभी करायची, हे त्या चित्रकारांचे रोजचे काम होते. आज ज्या साधेपणाचे आपण कौतुक करतो, तो साधेपणा काटकसरीतून कमावलेला होता.

रेषेचे हे सामर्थ्य पाहायचे तर वसंत सरवटे यांच्याकडे वळावे. कोल्हापुरात जन्मलेले सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंता. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांतील त्यांची चित्रे मजकुराची केवळ सजावट करीत नाहीत. ती मजकुराशेजारी उभी राहून स्वतःचा विनोद करतात. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने लिहीत. त्या टोपणनावाला चेहरा दिला तो सरवट्यांनी, आणि वाचकांनी तो चेहरा खरा मानला.

बालवाचकांसाठी ‘चांदोबा’ होता. १९४७ साली मद्रासहून तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू झालेले हे मासिक पुढे अनेक भाषांत निघू लागले. हिंदीत ‘चंदामामा’, मराठीत ‘चांदोबा’. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेऊन स्मशानातून चालणारा विक्रम राजा ज्यांच्या कुंचल्यातून उतरला, ते शंकर हे तमिळ चित्रकार. रायपूरच्या एकाच गल्लीत मराठी मुलगा ‘चांदोबा’ वाचे आणि शेजारचा हिंदी भाषक मित्र ‘चंदामामा’. भाषा वेगळी असली तरी वेताळ एकच होता. दोन भाषांच्या शहरात वाढणाऱ्या मुलांसाठी ही लहान गोष्ट नव्हे.

या काळाकडे केवळ भक्तिभावाने पाहू नये, हेही इतिहासाची शिक्षिका म्हणून सांगितले पाहिजे. मुखपृष्ठावरील स्त्री बहुधा गोरी, सालंकृत आणि तरुण असे. शेतात राबणारी, कार्यालयात काम करणारी किंवा आपल्या छत्तीसगडच्या बाजारात टोपली घेऊन बसणारी स्त्री तेथे क्वचितच दिसे. त्या चित्रांनी आपल्याला सौंदर्य दाखवले, तसे सौंदर्याचे काही संकुचित मापदंडही दिले. दोन्ही गोष्टी मुलींसमोर ठेवल्या, तर चित्र कसे वाचावे हे त्यांना कळते.

अलीकडे जुन्या धर्तीच्या मांडणीची आवड पुन्हा वाढली आहे. लग्नपत्रिका, उपाहारगृहांच्या भिंती, चहाचे डबे यांवर फिकट पिवळा कागद, ठसठशीत वळणाची अक्षरे आणि मुद्दाम किंचित सरकवलेले रंग दिसतात. रंग सरकणे हा त्या काळी दोष होता आणि यंत्रावरचा कारागीर तो टाळण्यासाठी डोळ्यांत तेल घालून उभा राही. आज संगणकावर तोच दोष हौसेने घडवला जातो. यात वाईट काही नाही. १९४६ सालचा एअर इंडियाचा महाराजा, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली रेखाटलेला एशियन पेंट्सचा गट्टू, १९६६ पासूनची अमूलची मुलगी यांच्यावर आजची मुलेही प्रेम करतात. मात्र अनुकरण करणाऱ्याला मूळ पाहता आले पाहिजे. मूळच नाहीसे झाले तर नकलेची नक्कल तेवढी उरेल.

खरी चिंता येथे आहे. आपल्या ग्रंथालयातील जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे सोडले, तेव्हा बांधणीच्या वेळी बऱ्याच अंकांची मुखपृष्ठे काढून टाकलेली आढळली. त्या काळी अनेक ठिकाणी हीच रीत होती. मजकूर म्हणजे साहित्य आणि मुखपृष्ठ म्हणजे वेष्टन, असा समज होता. घरोघरचे अंक तर रद्दीत गेलेच. अनेक पालक विचारतात, की नातवंडांना मराठी बोलता येते पण सलग वाचता येत नाही, मग हे अंक ठेवायचे कोणासाठी? माझे उत्तर असे, की याच मुलांसाठी. ज्याला अक्षर अडते, त्याला चित्र अडत नाही. चित्र पाहून ‘हा कोण?’ असे मुलाने विचारले, की आजीला गोष्ट सांगावी लागते, आणि गोष्ट मराठीत सुरू होते. बालभारतीने १९७१ पासूनचे ‘किशोर’चे अंक चित्रांसह महाजालावर विनामूल्य खुले केले आहेत. तेथूनही आरंभ करता येईल.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती. माळ्यावर किंवा पेटीत जुने अंक असतील तर ते रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावेत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांनी तिचा डाग कागद खातो. अंक आडवे ठेवावेत, पावसाळ्यानंतर सावलीत वारा द्यावा. घरात जागा नसेल तर शाळेला द्यावेत. मुखपृष्ठासह अंक जपण्यासाठी ग्रंथालयात एक कपाट राखून ठेवले आहे. आणि मुलांबरोबर अंक पाहताना चित्राच्या कोपऱ्यातील सही अवश्य शोधावी. लेखकाचे नाव अनुक्रमणिकेत असते. चित्रकाराचे नाव बहुधा तेवढ्या कोपऱ्यातच सापडते.