जिमी हेंड्रिक्सचं एकच गाणं दोन अल्बममध्ये वेगळं का ऐकू येतं?

गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं १८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनमध्ये निधन झालं, तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता. त्याच्या हयातीत त्याचे तीन स्टुडिओ अल्बम आणि 'बँड ऑफ जिप्सीज' हा लाइव्ह अल्बम आला. आज मात्र कुठल्याही म्युझिक अ‍ॅपवर त्याचं नाव शोधलं तर अल्बमची रांगच दिसते. त्यातले बरेचसे त्याच्या मृत्यूनंतर आले आहेत. मग त्यात हेंड्रिक्सचं किती आणि इतरांचं किती?

रीइश्यू, रीमास्टर, आर्काइव्हल म्हणजे काय?

आधीच आलेला अल्बम पुन्हा बाजारात आणणं म्हणजे रीइश्यू. 'आर यू एक्सपीरियन्स्ड' (१९६७) या पहिल्या अल्बमच्या ब्रिटिश आणि अमेरिकन आवृत्त्यांमध्ये काही गाणी वेगळी होती. १९९७ च्या सीडीत ती सगळी एकत्र आली.

रीमास्टरमध्ये तयार मिक्सचा आवाज आणि टोन नव्याने जुळवतात. रीमिक्समध्ये गायन, गिटार, ड्रम्स यांचे वेगवेगळे ट्रॅक पुन्हा एकत्र बसवतात. आर्काइव्हल म्हणजे पूर्वी प्रसिद्ध न झालेल्या जुन्या टेप्समधलं संगीत.

या सगळ्यात वादन मूळचंच राहतं. ओव्हरडबमध्ये मात्र जुन्या रेकॉर्डिंगवर नवं वादन चढवलं जातं. हेंड्रिक्सच्या बाबतीत खरा वाद त्यावरच झाला.

'क्रॅश लँडिंग'वर टीका का झाली?

१९७५ मध्ये निर्माता अ‍ॅलन डग्लसने 'क्रॅश लँडिंग' हा अल्बम काढला. त्यात हेंड्रिक्सचं गायन आणि गिटार ठेवून मूळ साथीदारांचे बरेच भाग काढून टाकले होते. त्या जागी त्याच्यासोबत कधीच न वाजवलेल्या स्टुडिओ कलाकारांकडून नवे भाग वाजवून घेतले होते. काही गाण्यांना तर सहगीतकार म्हणून डग्लसचं नाव लागलं.

अल्बम चांगला खपला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. पण अनेक चाहत्यांना तो फसवणुकीसारखा वाटला. १९९५ च्या 'व्हूडू सूप'मध्येही डग्लसने दोन गाण्यांचे ड्रम्स नव्याने वाजवून घेतले.

हक्क कुटुंबाकडे आल्यावर काय बदललं?

१९९५ मध्येच कोर्टातल्या लढाईनंतर हेंड्रिक्सच्या संगीताचे हक्क त्याचे वडील अल हेंड्रिक्स यांना मिळाले. कुटुंबाच्या 'एक्सपीरियन्स हेंड्रिक्स' या कंपनीने हेंड्रिक्सचा जुना साउंड इंजिनिअर एडी क्रेमरला सोबत घेतलं. १९९७ मध्ये 'फर्स्ट रेज ऑफ द न्यू रायझिंग सन' आला. हेंड्रिक्स मृत्यूपूर्वी ज्या अल्बमवर काम करत होता, तो १७ गाण्यांतून उभा करण्याचा हा प्रयत्न होता. गाण्यांची अंतिम निवड मात्र त्याची नाही.

फरक सगळ्यात स्पष्ट कळतो तो २०१३ च्या 'पीपल, हेल अँड एंजल्स'मध्ये. 'क्रॅश लँडिंग' आणि 'समव्हेअर' ही गाणी इथे १९७५ मधल्या भरीशिवाय ऐकायला मिळतात. पहिल्यात बास गिटारवर बिली कॉक्स आहे, तर दुसऱ्यात स्टीफन स्टिल्स.

पण कुटुंबाने काढलेल्या अल्बममध्ये नंतरची भर अजिबात नाही, असंही नाही. २०१० च्या 'व्हॅलीज ऑफ नेपच्यून'मधल्या काही गाण्यांत नोएल रेडिंग आणि मिच मिचेल यांनी १९८७ मध्ये वाजवलेले भाग आहेत. फरक इतकाच, की हे दोघं हेंड्रिक्सचे मूळ साथीदार होते.

लाइव्ह रेकॉर्डिंगचं काय?

१९६९ चा शेवटचा दिवस आणि १९७० चा पहिला दिवस, या दोन रात्री हेंड्रिक्सने न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये चार शो केले. त्यातली सहा गाणी घेऊन त्याने 'बँड ऑफ जिप्सीज' तयार केला. ही सगळी दुसऱ्या रात्रीची आहेत आणि काहींची लांबी कमी केलेली आहे. २०१९ च्या 'साँग्स फॉर ग्रूव्ही चिल्ड्रन' या संचात चारही शो क्रमाने आले.

जुन्या अल्बममध्ये हेंड्रिक्सची निवड दिसते, नव्या संचात त्या दोन रात्री जवळपास पूर्ण ऐकता येतात. त्यामुळे एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही.

मग ऐकायचं काय?

सुरुवात हयातीतल्या चार अल्बमपासून करावी, कारण त्यांना हेंड्रिक्सची स्वतःची मंजुरी होती. त्यानंतर 'फर्स्ट रेज' आणि फिलमोरचा संच ऐकता येईल.

मृत्यूनंतरचा कोणताही अल्बम घेताना दोन गोष्टी पाहाव्यात: रेकॉर्डिंग कधीचं आहे आणि कोणी, कोणत्या वर्षी वाजवलं आहे. अ‍ॅपवर अल्बमपुढे दिसणारं वर्ष अनेकदा फक्त प्रकाशनाचं असतं. रेकॉर्डिंगचा तपशील सहसा सीडी किंवा एलपीसोबतच्या पुस्तिकेत मिळतो.