पाश्चात्त्य भव्यपटांचे आकर्षण : फाळके यांच्या नाशिक पर्वाच्या संदर्भात

प्रचंड खर्चाच्या पाश्चात्त्य चित्रपटांकडे आपला प्रेक्षक ओढला जातो, तो पाश्चात्त्य जीवनावर भाळून, असे सर्रास मानले जाते. प्रस्तुत लेखकास हा निष्कर्ष घाईचा वाटतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१०च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त असता मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण येत होते, असे त्यांनी १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकात नमूद केले आहे. मोहिनी होती ती चमत्कृतीची. परकीय आशयाची नव्हे. १९१२ मध्ये त्यांनी लंडनहून आणला तो कॅमेरा, कथा नव्हे. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) नंतर नाशिकला बिऱ्हाड हलवून 'लंकादहन' (१९१७) मध्ये त्यांनी हनुमानाचे उड्डाण दाखविले. 'कालियामर्दन' (१९१९) मध्ये तर बालकृष्ण झाली त्यांचीच कन्या मंदाकिनी!

'ज्युरासिक पार्क' १९९४ मध्ये हिंदीत आला, तेव्हा इंग्रजी न जाणणारा प्रेक्षकही त्यापुढे खिळला. ओढ जुनीच होती. अंतर पडले ते भांडवलाचे. फाळके यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून प्रेक्षकाचा निर्माता होण्याचे धाडस केले. शेकडो कोटींच्या चमत्कृतीस असे घरगुती उत्तर देण्याची वाट आजच्या प्रेक्षकास उरलेली नाही.