खुंटाचा गुलाब फुलत का नव्हता?

फैजपूरच्या आमच्या अंगणातला कलमी गुलाब चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात वरून वाळला. बुडातून मात्र लांबच लांब फुटवे आले आणि बघता बघता कंपाउंडच्या भिंतीवर चढले. फूल एकही नाही. आई म्हणाली, "जंगली आहे, उपटून टाक." मी तो वाचवला आणि दर ऑक्टोबरला नेमाने छाटत राहिले. चूक नेमकी तिथेच होती.

नर्सरीतला कलमी गुलाब म्हणजे खरं तर दोन झाडं: वर डोळा भरलेली जात, खाली खुंट. खुंटासाठी बऱ्याचदा रोझा मल्टिफ्लोरा वापरतात. हा मूळचा जपान, कोरिया, चीनकडचा. 'सात पानं दिसली की जंगली' हा आपला ठोकताळा फसू शकतो. त्यापेक्षा पानाच्या देठाच्या बुडाशी बघा. तिथे बारीक झालर असेल तर तो बहुधा मल्टिफ्लोराच.

हाच खुंट अनेक नामांकित वेली गुलाबांचा पूर्वज आहे. १८७८ मध्ये टोकियोत शिकवणाऱ्या स्मिथ नावाच्या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाने याच कुळातला एक लाल गुलाब स्कॉटलंडला पाठवला. पाठवणाऱ्याच्या पेशावरून त्याचं नाव पडलं 'इंजिनिअर'! १८९३ मध्ये तो 'क्रिमसन रॅम्बलर' नावाने बाजारात आला आणि तुफान गाजला. भुरी रोगाला लवकर बळी पडत असल्याने पुढे मागे पडला. अमेरिकेत तर १९३० च्या दशकात मातीची धूप थांबवायला आणि कुंपणाला सरकारनेच मल्टिफ्लोरा लावायला सांगितला. आज तिथल्या अनेक राज्यांत तो उपद्रवी तण ठरलाय.

मग तो आमच्याकडे फुलत का नव्हता? गुलाबात केएसएन नावाचं एक जनुक आहे. ते फुलोऱ्याला ब्रेक लावतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पोचलेल्या चिनी गुलाबांत हा ब्रेक निकामी होता. जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा घुसून बसला होता, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आलं. आपले बारमाही गुलाब ही त्याचीच कृपा. मल्टिफ्लोराचा ब्रेक मात्र शाबूत. तो वर्षातून एकदाच, आणि मुख्यतः मागच्या वर्षीच्या काडीवर फुलतो. म्हणजे ऑक्टोबरमध्ये मी पुढच्या बहराच्या काड्याच कापत होते!

तुमच्याकडे असा वेल असेल तर बहर ओसरल्यावरच छाटा. सगळ्यात जुन्या दोन-तीन काड्या बुडातून काढा. नव्या काड्या कोवळ्या असतानाच तारेवर आडव्या बांधा. उभ्या काडीचे शेंड्याकडचेच डोळे फुटतात, आडवीचे लांबीभर. आपल्या मे महिन्यात आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच.

गेल्या ऑक्टोबरला मी कात्रीला हात लावला नाही. फेब्रुवारीच्या शेवटी भिंतीवर पांढरे झुबके आले. जेमतेम तीन आठवडे टिकले. आई अजूनही त्याला जंगलीच म्हणते, पण परवा शेजारच्या काकूंना देण्यासाठी त्याच्या दोन काड्या तिनेच पिशवीत लावल्या.