दोन काचांचे आकाश

दृश्यातील सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भागांमधील प्रकाशाच्या प्रमाणाला ‘डायनॅमिक रेंज’ म्हणतात. कमीअधिक एक्स्पोजरची, म्हणजे कमीअधिक काळ उजेड घेतलेली छायाचित्रे संगणकावर एकत्र करून ही व्याप्ती वाढवण्याची ‘एचडीआर’ पद्धत अलीकडची असली, तरी तिच्यामागचा पेच ओल्या कोलोडियनच्या काळाइतका जुना आहे.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी 1851 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रक्रियेत काचेवर कोलोडियनचा थर देऊन, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे. हा थर निळ्या प्रकाशाला चटकन आणि इतर बहुतेक रंगांना मंद प्रतिसाद देत असल्यामुळे जमीन नीट उमटेपर्यंत निगेटिव्हवरील आकाश इतके दाट होई, की कागदावर त्या जागी कोरा पांढरा पट्टाच उरे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी 1856-57 च्या सुमारास टिपलेल्या काही सागरदृश्यांत समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी निगेटिव्ह वापरली. छापताना एकेक भाग झाकून दोन्ही प्रतिमा क्षितिजरेषेवर जुळवल्या. त्यांचे तेच ढग एकाहून अधिक चित्रांत आढळतात, यावरून सत्यापेक्षा परिणामाला दिलेले झुकते माप उघड होते.

पुढे हेच काम डार्करूममध्ये हाताच्या सावलीने होऊ लागले: कागदाच्या एखाद्या भागावरील उजेड अडवून तो फिकट ठेवणे म्हणजे डॉजिंग, आणि जास्त उजेड देऊन गडद करणे म्हणजे बर्निंग.

संगणकीय वळण 1997 मध्ये ठळक झाले. बर्कले येथील पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी एका चर्चच्या अंतर्भागाची 30 सेकंदांपासून एक हजारांश सेकंदापर्यंतची, प्रत्येक पायरीला उजेड निम्मा करत घेतलेली 16 छायाचित्रे वापरली. त्यांवरून कॅमेरा उजेडाचे आकड्यांत रूपांतर कसा करतो याचा आलेख त्यांनी मांडला आणि रंगीत काचांच्या खिडक्यांपासून काळोख्या कोपऱ्यांपर्यंत प्रत्येक बिंदूचा सापेक्ष प्रकाश काढला. ल ग्रे यांनी दोन चित्रे सांधली होती. येथे चित्रांतून मोजमाप निघाले, आणि खरा फरक तोच आहे.

मात्र हे मोजमाप त्या काळच्या साध्या पडद्यावर मावत नसल्याने ते आवळावे लागे. त्या क्रियेला ‘टोन मॅपिंग’ म्हणतात. एरिक राइनहार्ड आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये सुचवलेल्या पद्धतीत छायाचित्रकार अॅन्सल अॅडम्स यांच्या झोन सिस्टिमचा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या पायऱ्यांचा, आणि डॉजिंग-बर्निंगचा आधार उघडपणे घेतला होता. फोटोशॉपच्या 2005 च्या सीएस2 आवृत्तीत एचडीआर जुळणीची सोय आली आणि हौशी मंडळींच्या हाती ही किल्ली लागली. छपरांभोवतीची तेजोवलये, मळकट ढग आणि सगळीकडे सारखाच उठाव ही त्या काळाची ओळख ठरली. या अतिरेकाचा दोष अनेकदा एचडीआरच्या माथी मारला जातो. वस्तुतः तो टोन मॅपिंग अतोनात ताणणाऱ्याचा होता.

किती ताणायचे ही निवडच पुढे मोबाइलने वापरणाऱ्याच्या हातून काढून घेतली. गूगलच्या ‘एचडीआर प्लस’ पद्धतीच्या मूळ रूपात तर वेगवेगळी एक्स्पोजर घेतलीच जात नसत: उजळ भाग जळू नये म्हणून मुद्दाम कमी उजेडाच्या, पण एकसारख्या अनेक चौकटी भराभर टिपून त्या एकावर एक जुळवल्या जात, त्यांच्या सरासरीने सावलीतील दाणेदारपणा कमी होई आणि मगच तो भाग उजळला जाई.